दावणीला आहे तोवर

देवाचं मला फारसं कौतुक नव्हतं आणि देवाला माझं असेल असंही कधी वाटलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोथी वाचता येते, पण वाचताना डोळा लागतो. रविवारी टेकडीवर खंडोबाला जाते, कपाळाला भंडारा लावून घेते आणि आज कालवण कशाचं करायचं याचा विचार करत उतरते. अशा बाईनं देवाचा अनुभव लिहावा का, असं मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "लिवा, पण गोड करून लिवू नका. तुमाला जमत न्हाई ते." म्हणून घडलं तसं लिहिते. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. मी जे मागितलं ते मला मिळालं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा मुलगा संपत दारू प्यायचा. आळेफाट्याला गॅरेजात कामाला होता. कामावरून सुटला की तिथंच बसायचा आणि कुणीतरी दोघं त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून, पोतं आणावं तसं घरी आणून टाकायचे. सून सुमन कंटाळून वारूळवाडीला माहेरी निघाली तेव्हा मी तिला अडवलं नाही. तिची पिशवी मीच भरून दिली. उपास करून झाले, अंगारे आणून झाले, एकदा चुलीतलं जळतं लाकूड घेऊन त्याच्या मागं धावून झालं. दारुड्याच्या आईची माया आणि शिव्या दोन्ही संपतात. मग उंबऱ्यात बसून वाट बघणं तेवढं राहतं, आणि आपण पोराची वाट बघतोय की त्याच्या मरणाची, हेही हळूहळू कळेनासं होतं.

अशात घोडी आली. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बाजूला यात्रेत बैलगाडे पळतात, तेव्हा बैलांच्या पुढं घोडी पळवतात. ती पुढं दिसली की बैल तिच्यामागं जीव तोडून शर्यतीचा घाट चढतात. गावात तात्यांचा गाडा आहे. बंदी उठून शर्यती परत सुरू झाल्या, तेव्हा ते बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला निघाले आणि टेम्पो चालवायला संपतला घेऊन गेले. त्या दिवशी तो शुद्धीत होता, एवढंच नशीब. बैल पटले नाहीत, पण कुणा व्यापाऱ्याच्या टेम्पोमागं एक तांबडी घोडी बांधलेली होती, फासळ्या वर आलेली. तात्यांनी ती घेतली आणि त्यांच्या गोठ्यात जागा नव्हती म्हणून आमच्या दावणीला बांधली. मी म्हणाले, "एक पिणारा हाय घरात, आता एक खाणारी आणली." तात्या हसले. म्हणाले, "वहिनी, खाणारी बरी. ती निदान रस्त्यात पडत न्हाई."

संपतनं तिचं नाव पाखरी ठेवलं. तो पिऊन जवळ गेला की ती कान मागं पाडायची. एकदा दंडाला चावली, वण अजून आहे. शुद्धीत गेला की त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहायची. आईला आणि बायकोला जे बोलून जमलं नाही ते त्या मुक्या जनावरानं केलं. त्याबद्दल मला आनंद झाला का? आधी रागच आला. पण तो संध्याकाळी फाट्यावर न थांबता घरी यायला लागला, तिला खरारा करायला लागला, आणि चंपाषष्ठीला आपल्या पायानं टेकडी चढून त्यानं देवापुढं भंडारा उचलला. मी शेजारी उभी होते. तो म्हणाला, "ही घोडी माझ्या दावणीला हाय तोवर थेंब घेणार न्हाई."

मी तिथंच त्याला कोपरानं ढोसलं. "जनमभर म्हण की मुडद्या. जनावराचं काय, आज हाय, उद्या न्हाई."

तो म्हणाला, "आये, माझा मला भरवसा न्हाई. तिचा हाय."

शपथ पाळली गेली. सुमन माहेराहून दोनदा येऊन बघून गेली, नाक पुढं करून वास घेऊन गेली, आणि मग कपडे घेऊन राहायलाच आली. घरात परत दोन वेळा चूल पेटायला लागली. पण मला स्वस्थ झोप लागेना. पूर्वी मी पोराच्या पायांकडं बघायची, सरळ पडतात की वाकडे. आता घोडीच्या पायांकडं बघायला लागले. माझं सगळं घर त्या चार पायांवर उभं होतं आणि पाय तर जनावराचे.

त्या चैत्रात आंबेगावकडच्या एका यात्रेत तात्यांचा गाडा सगळ्यांच्या पुढं निघाला. पाखरी अशी पळाली की लोक बैल सोडून तिचंच नाव घेत होते. त्या आनंदात जे व्हायचं ते झालं. तापल्या अंगानं तिला पाणी पाजलं. बैलांसाठी कणकेचे गोळे मळून नेलेले असतात, ते तिलाही चारले. आमची माणसं बैलांची. घोडीला काय चालतं हे त्यांना बैलावरूनच माहीत. संध्याकाळी घरी आणली तर ती पोटाकडं मान वळवून बघायला लागली, पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली, आणि तिची डावी कूस फुगून वर आली. बैलाचं पोट असं फुगलं की डाव्या कुशीत जाड सुई घालून हवा काढायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संपतनं तेच केलं. फुस्स करून हवा गेली, पोट बसलं, घोडी शांत झाली. तात्यांनी त्याची पाठ थोपटली. "डाक्टर झाला राव आपला संपत!" सगळे हसले, आणि मीसुद्धा त्याला चहा नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं घासाला तोंड लावलं नाही. दमली असेल, म्हणालो. त्यानंतर अंगात ताप भरला. आमच्या इथले जनावरांचे डॉक्टर आले. संपतनं त्यांना पोटात कळ आली होती एवढंच सांगितलं, सुईचं सांगितलं नाही. डॉक्टरांनी ऐकलं त्याप्रमाणं औषध दिलं, इंजेक्शन दिलं, उद्या परत बघू म्हणाले. ताप थोडा उतरला आणि पुन्हा चढला. घोडी एका जागी उभी होती. लोळली नाही, पाय झाडले नाहीत, ओरडली नाही. पोट वर ओढून, चारी पाय आखडून, मान खाली घालून नुसती उभी. आम्हाला वाटलं, लोळत नाही म्हणजे दुखत नाही. तेवढ्यावर आम्ही धीर धरून होतो.

संपत तिच्यापासून हलत नव्हता. जेवण नको, आंघोळ नको. एकदा मी पाणी घेऊन गेले तर तो हाताच्या पंजाकडं बघत बसला होता.   मी पाणी तिथंच ठेवलं आणि आत आले. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लपवत नाही. मला घोडीची दया आली नाही. माझ्या मनात आलं, ही आता जाणार, आणि हिच्यामागून हा जाणार. सुमन पुन्हा पिशवी भरणार. मी पुन्हा उंबऱ्यात बसणार, आणि आता माझ्यात तेवढंही बळ उरलेलं नाही.

रविवार होता. मी टेकडी चढले. गुडघे दुखत होते, तसेच ओढले. गाभाऱ्यासमोर उभी राहून मी हात जोडले नाहीत. मी म्हणाले, "देवा, तू घोड्यावर बसतोस, तुला घोड्याचं कळत असंल. एक तर तिला उठव, न्हाईतर माझ्या पोराच्या शपथंतनं ते 'तोवर' काढून टाक. दोन्ही जमत नसंल तर मला आधी ने. माझ्याच्यानं आता बघवत न्हाई." समोर चांदीचा मुखवटा, मोठाले डोळे. त्या डोळ्यांत मला माझ्याबद्दल काहीच दिसलं नाही. एवढी वर्षं मी कुणापुढं भंडारा उधळत होते, असं वाटलं. मंडपाच्या खांबाला टेकून बसले. रडले नाही. रडायला आत थोडी तरी आशा लागते.

तेवढ्यात पुण्याकडचं एक कुटुंब तळी भरायला वर आलं. सासू, सासरे, नवरा, त्याचे दोन चुलते आणि नवी सून. तळीचं ताम्हण उचलायला पाच पुरुष लागतात आणि पाचवा, म्हणजे नव्या सुनेचा दीर, गाडी लागल्यामुळं पायथ्याशी उलट्या करून झाडाखाली झोपला होता. गुरव मला म्हणाला, "आजी, संपत आसंल ना घरी? हाक मारा की. एक हात कमी पडतोय."

मी म्हणाले, "तो न्हाई यायचा. मरायला लागलेल्या घोडीपाशी बसलाय."

नवी सून ताम्हणात खोबरं मांडत होती. तिनं मान वर केली. "काय झालंय घोडीला?"

"पोट."

"लोळते का?"

"एकदा पण लोळली न्हाई. तेवढंच बरं हाय."

तिचा चेहरा बदलला. हातातलं खोबरं तिनं खाली ठेवलं. "नुसती उभी आहे? पाय आखडून? पोट वर ओढून?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मी घोड्यांचीच डॉक्टर आहे, आजी. कुठंय तुमचं घर?"

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तळी!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लग्नात हळदीच्या अंगानं अशीच उठून अडलेली घोडी सोडवायला गेली होती ही. आमचं काही चालत नाही. न्या तिला."

मी लिहिताना थांबले आहे. लोक इथं म्हणतील की देवानं पाठवली. मी तेव्हा असं काही म्हणाले नाही. मी पुढं चालत होते आणि मला एवढंच वाटत होतं की ही पोरगी भरजरी साडीत टेकडीवरून घसरून पडू नये.

गाडीच्या डिकीत तिची पेटी होती. साडीचा पदर खोचून तिनं हात धुतले आणि घोडीला हात लावायच्या आधी बराच वेळ लांबून नुसतं बघितलं. मग ओठ उचलून हिरड्या बघितल्या. त्या पिकल्या जांभळासारख्या दिसत होत्या. बोटानं दाबून सोडलं तर रंग लवकर परत येईना. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. पोटाला दोन्ही बाजूंनी नळी लावून ऐकत राहिली. मी विचारलं, "काय ऐकू येतंय?" ती म्हणाली, "काहीच नाही. तेच वाईट आहे. घोड्याचं पोट सारखं बोलत असतं." पुढं म्हणाली, "कळ आलेली घोडी लोळते, आजी. जी हलतसुद्धा नाही तिला हललं की आत आग होते. पोटाच्या आतल्या पडद्याला सूज आली असणार."

मग तिनं पोटाखालचे केस काढले, जागा औषधानं पुन्हा पुन्हा पुसली, बधिर केली आणि तिथून पोटातलं पाणी काढलं. ते नळीत आलं तेव्हा तिनं उजेडात धरलं. निरोगी घोडीचं हे पाणी फिकं पिवळं आणि स्वच्छ असतं, तिनं सांगितलं. इथं आलं ते गढूळ, पुवासारखं, आणि वास असा की सुमन तोंडाला पदर लावून बाजूला झाली. डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या डाव्या कुशीवरून हात फिरवला आणि एका जागी थांबल्या. तिथं केस चिकटले होते, खाली बारीक गाठ होती.

"इथं कुणी टोचलं होतं का?"

तात्या आले होते. ते आभाळाकडं बघत म्हणाले, "काय की बा." मी संपतकडं बघितलं. हा चेहरा मला पाठ होता. भिंतीला धरून उभं राहून, तोंडाला वास येत असताना, "आये, घेतली न्हाई," म्हणायचा तो हाच चेहरा. आता हाही खोटं बोलणार, असं मी धरूनच चालले.

संपत म्हणाला, "मी टोचली. हवा काढली. बैलाची काढतो तशी."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याला सांगितलं, की बैलाच्या डाव्या कुशीत चाऱ्याची मोठी पिशवी असते, कातड्याला लागून. घोड्याचं तसं नसतं. तिथं आतड्याचे मोठे वेटोळे असतात, भोक पडलं की आतली घाण पोटात सांडते आणि पू होतो. संपत खाली मान घालून ऐकत होता. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. औषध कुठलं द्यायचं ते आता मला ठरवता येईल. पण वाचेल असं मी म्हणत नाही. ऑपरेशनला पुण्याला न्यावी लागेल आणि टेम्पोत ती रस्त्यातच कोसळेल. इथं जे होईल ते करू."

तिथंच मानेच्या शिरेत नळी बसवली. सलाईन आंब्याच्या फांदीला टांगलं. पोटाच्या खालच्या अंगाला दुसरी नळी घालून कोमट सलाईननं पोट आतून धुतलं. जे बाहेर पडत होतं ते संपत घमेल्यात धरत होता आणि लांब नेऊन पुरत होता. बाईंनी आमच्या डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले, सुईचं ऐकून संपतकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "मला सांगायचं होतंस रे." एवढंच. मग दोघांनी मिळून ठरवलं की सकाळ-संध्याकाळ त्यांनी यायचं, आणि बाईंनी पुण्याहून फोनवर विचारत राहायचं.

ऊन कलायला आलं तेव्हा घोडीनं मान थोडी वर केली. बाईंच्या घरचे सगळे आमच्या ओट्यावर बसले होते. सुमननं त्यांना भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तळी राहिली आमची." संपतनं हात धुतले, कपडे बदलले आणि त्यांच्याबरोबर टेकडी चढून गेला. पाचवा हात त्याचा लागला. "येळकोट येळकोट" खाली माझ्यापर्यंत ऐकू आला. त्यात त्याचा आवाज मला ओळखू येत होता. मी घोडीपाशी उभी होते. तिला म्हणाले, "भवाने, मरू नको." तिला मी पहिल्यांदाच हात लावला होता. अंग ओलं होतं आणि कातडीखाली ती बारीक थरथरत होती.

पुढचे काही दिवस आशेचे गेले आणि आशेचे दिवस फार वाईट असतात. ताप उतरला. पोटातून निवळ पाणी यायला लागलं. एका सकाळी तिनं संपतच्या हातातून घासाच्या दोन काड्या ओढल्या आणि सुमननं गल्लीत जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. मी देवाला नारळ बोलले. मग एक दिवस ती पुढचे पाय पुढं टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी राहिली. खुराला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. आमच्या डॉक्टरांनी फोन लावला. पोटातलं विष पायांत उतरलंय, पलीकडून बाई म्हणाल्या, खुराच्या आतलं सगळं सुटतंय. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगितले. नारायणगावहून बर्फाच्या लाद्या आणल्या. काही उपयोग झाला नाही. ती बसली आणि मग उठेना.

बाई पुण्याहून स्वतः आल्या. या वेळी साध्या कपड्यांत. बघितलं आणि घोडीच्या डोक्याशी खाली बसल्या. म्हणाल्या, "संपत, खुराच्या आतलं हाड सरकलंय. पोटही परत बिघडतंय. औषधानं अजून काही दिवस ठेवता येईल. पण ते ठेवणं तिच्यासाठी नसेल. तू म्हणशील तर मी तिला झोपवते. तिला कळणारही नाही."

मी लगेच बोलले. "ठिवा. ऱ्हाईल तितकी ऱ्हाऊ द्या. औषध चालू ठिवा." माझा आवाज चढला होता. तात्यांनी मला गप्प करायला हात केला, तर मी त्यांच्यावर ओरडले, "तुमाला काय जातंय? तुमाला दुसरी घोडी मिळंल!"

संपत घोडीची आयाळ बोटांनी विंचरत होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आये, तू माझ्यासाठी तिला जिती ठिवतीयास."

मी म्हणाले, "व्हय. मग कुणासाठी ठिवू?"

"तिला लई दुखतंय, आये."

 माझं घर ज्या चार पायांवर उभं होतं, त्या पायांत काय चाललंय हे मी बघितलंच नव्हतं. संपतनं टेकडीकडं तोंड केलं, जमिनीवरची माती बोटानं उचलून तिच्या कपाळाला लावली, कारण घरातला भंडारा आणायला उठलं तर परत यायचं धैर्य राहणार नाही, असं तो मला नंतर म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "सोडा तिला." पाखरीचं तोंड त्याच्या मांडीवर होतं. एकदा मोठा श्वास आला. पुढचा आला नाही.

मेलेलं जनावर आम्ही लांब, बांधाच्या पलीकडं पुरतो. तात्यांनी जेसीबी बोलावला तो बांधाकडं निघाला. संपत आडवा उभा राहिला. म्हणाला, "हितं. दावणीला." घराला लागून नको, म्हणून चौघांनी सांगितलं. वास येईल, कुत्री उकरतील. त्यानं ऐकलं नाही. त्यानं खड्डा इतका खोल घ्यायला लावला की जेसीबीवाला वैतागला, "पावणं, विहीर पाडायचीय का?" तळाला चुना, मीठ, वरून माती. माती दाबून झाल्यावर त्यानं तिचा खुंटा आणला आणि जिथं होता तिथंच परत ठोकला. दावं गुंडाळून त्यावर अडकवलं. मग माझ्यासमोर आला. डोळे लाल होते. म्हणाला, "दावणीलाच हाय ती, आये. शपथ सुटली न्हाई."

मी विश्वास ठेवला का? नाही. इतकी वर्षं ऐकल्यावर कुणी ठेवत नाही. त्या संध्याकाळी तो बाहेर पडला आणि मी उंबऱ्यात बसले. सुमन आत चुलीपाशी होती, पण तिच्या भाकरी थापण्याचा आवाज मध्येच थांबायचा, म्हणजे तीही कान देऊन होती. अंधार पडायच्या आत संपत आला. पाय सरळ पडत होते. हाताला हळदीचा रंग होता. टेकडीवर जाऊन आला होता.

त्याला आता दुसरा चैत्र झाला. बाई मधून मधून फोन करतात. मुलगी झाली त्यांना. तिची तळी भरायला आल्या तेव्हा दीर बरोबर होता, उलट्या न करता वर पोचला होता, तरी त्यांनी पाचवा हात संपतचाच घेतला. आता गावात कुणाच्या घोडीचं पोट दुखलं की संपत धावत जातो आणि आधी लोकांच्या हातातली सुई काढून घेतो, मग डॉक्टरांना फोन लावतो. स्वतः गाड्यापुढं पळवायला घोडी त्यानं परत आणली नाही.

मी मागितलं होतं की घोडी उठव, नाहीतर 'तोवर' काढून टाक. घोडी उठली नाही. दुसरं कधी झालं ते मला कळलंही नाही. मी घोडीला घट्ट धरून बसले होते तेव्हा माझ्या पोरानं तिला सोडलं, आणि सोडूनही ती त्याच्यापाशीच राहिली. याला देवाची कृपा म्हणायचं असेल तर म्हणा. मी भांडायला गेले त्याच दिवशी त्या पोरीच्या तळीला एक हात कमी पडला, एवढं मला माहीत आहे. त्याहून जास्त मला कळत नाही, आणि हल्ली कळावं असं वाटतही नाही.

उद्याचं मी सांगत नाही. पिणारा माणूस कधी परत जाईल याचा नेम नसतो. अजूनही संध्याकाळी मी त्याच्या पावलांकडं कान देते. पण ओटा झाडताना रोज त्या खुंट्याभोवतीची जागा आधी झाडते. रविवारी टेकडीवरून येताना मूठभर भंडारा आणते, त्यातला अर्धा देव्हाऱ्यात ठेवते आणि अर्धा खुंट्यावर टाकते. परवा सुमन म्हणाली, "तुमाला तर घोडी आवडत नव्हती." मी म्हणाले, "अजून न्हाई आवडत," आणि दावं नीट गुंडाळून परत खुंट्याला अडकवलं.